गोठ्यातलं झुंबर

तुमच्या घरी लाईटचं काम करायला माणूस येतो, तेव्हा मेन स्विच कोण बंद करतं?

घाईनं उत्तर देऊ नका. पंख्याचा रेग्युलेटर बदलला तो दिवस आठवा, गिझर बसवला तो दिवस आठवा. मी हा प्रश्न ओळखीच्या पुष्कळ घरांत विचारला आहे. बहुतेकांनी मलाच उलट विचारलं, बंद कशाला करायचं? त्याला येतं की चालू लाईनीवर.

येतं. माझ्या वडिलांनाही यायचं. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. रेणापूर तालुक्यात ते तीस वर्षं वायरमन आहेत आणि त्यांचा लौकिक याच एका गोष्टीवर उभा होता: अप्पा आले की काहीही बंद करावं लागत नाही. पिठाची गिरणी चालू, फ्रिज चालू, सासू-सुनेची मालिका चालू, आणि अप्पा स्टुलावर उभे राहून जिवंत तारेला पीळ घालताहेत. तार जिवंत आहे की मेलेली, हे ते बोटाच्या पाठीनं बघायचे. टेस्टर खिशाला शोभेपुरता. आम्हा भावंडांना याचा एवढा अभिमान होता की शाळेत मी सांगायचे, माझ्या अप्पांना करंट ओळखतो.

अप्पांची दुसरी ओळख म्हणजे वायरमन संघटनेचे तालुका चिटणीस. त्यामुळे आमचं घर पत्रकांवर चालायचं. डब्यांखाली पत्रकं, वह्यांना पत्रकांची कव्हरं, पाहुणे जास्त झाले तर पोह्यांच्या बशा म्हणूनही पत्रकं. बाकीच्या पोरी बाराखडी म्हणायच्या त्या वयात मी ‘आमच्या मागण्या’ म्हणायचे, एक ते आठ, न चुकता. पत्रकाचा मजकूर अप्पा स्वतः लिहायचे आणि त्यांचा एक नियम होता: मागची बाजू कोरी ठेवायची. लोक विचार फेकून देतात, कोरा कागद फेकत नाहीत. मागं पोरगं पाढे लिहील, बाई वाणसामानाची यादी लिहील, आणि त्या निमित्तानं पुढची बाजू आठ दिवस घरात राहील. हा नियम लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

संघटना हळूहळू विरली. अप्पांनी लिहिणं सोडलं, मी धरलं. सध्या मी नांदेडला एका छापखान्यात मजकूर तपासायचं काम करते. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, भेळेच्या दुकानाची पाटी. चुका मी अक्षरांच्याच नाही, विचारांच्याही काढते. नवरीच्या नावाआधी ‘सौभाग्यकांक्षिणी’ आणि नवऱ्याच्या नावाआधी त्याची पदवी, हे असं का, यावरून मी आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं पळवली आहेत. छापखान्याच्या मालकाला कागद सोडून कुठल्याच विषयावर मत नाही, म्हणून मी टिकून आहे.

तर एके दिवशी लातूरच्या एका प्रदर्शनाचं काम आलं. एका मंगल कार्यालयात नवे दिवे, झुंबरं, वायरी, जोडणीचं साहित्य, असं सगळं मांडणार होते. त्यांची लकी ड्रॉची कूपनं आम्हाला छापायची होती, पिवळ्या कागदावर. सोबत लातूरच्या एका विद्युत साहित्याच्या दुकानाचं माहितीपत्रक होतं, नव्या कनेक्टरचं. अंगठ्याएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, त्याला तीन नारिंगी दांड्या. दांडी उचलायची, सोललेली तार आत सारायची, दांडी खाली दाबायची. जोड झाला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पक्कड नको, टेप नको, अनुभव नको.

मी ते तीनदा वाचलं. अक्षराची चूक एकही नव्हती. पण ‘अनुभव नको’ म्हणजे काय? तीस वर्षं स्टुलावर उभ्या राहिलेल्या माणसाला एक प्लास्टिकचा तुकडा सांगणार, तू नको? दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत माझा डबा तसाच राहिला आणि पत्रक लिहून झालं. मथळा होता ‘हात विकायचे नाहीत’. आत कारागिराच्या हातावर, नफेखोरांच्या प्लास्टिकवर आणि एकजुटीवर तीन परिच्छेद होते, आणि शेवटी ठळक ओळ: जो कारागीर त्यांच्या टेबलाशी बसेल, तो आपला नाही.

मालक म्हणाले, कूपनांचा पिवळा कागद उरलाय, त्यावर छापून घे, पडून राहण्यापेक्षा बरं. मी छापलं. एकाच बाजूला. मागची बाजू, घरच्या रीतीप्रमाणे, कोरी.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेची एसटी धरली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा शेजारी बसलेल्या मावशींनी मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बघून विचारलं, पत्रिका हायत का लग्नाच्या. मी त्यांना एक पत्रक दिलं. त्यांनी पुढची बाजू पाहिली, उलटवली, कोरी बाजू हातानं पुसली आणि समाधानानं म्हणाल्या, “बरं झालं माय, मागं जागा हाय.” मग त्यात भजी बांधून घेतली. अप्पांचा नियम किती खरा आहे, असं वाटून मला भरून आलं.

प्रदर्शन दहाला उघडायचं होतं. मी अकराला पोचले तरी उद्घाटन चालूच होतं, कारण काडेपेटी सापडत नव्हती.

मंगल कार्यालयाच्या सगळ्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं होतं, दिवे उठून दिसावेत म्हणून. आत इतका उजेड होता की काही म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर उपरणं धरलं होतं. छतापासून जमिनीपर्यंत पट्ट्या, फोकस, माळा, रंग बदलणाऱ्या नळ्या. आणि या सगळ्याच्या मधोमध प्रमुख पाहुणे हातात मेणबत्ती धरून समईसमोर उभे होते. पाहुणे म्हणजे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले मोठे साहेब. एका स्टॉलवाल्यानं विजेवर चालणारी समई पुढं केली, ज्योतही हलते म्हणाला. साहेब म्हणाले, शुभकार्याला खरा जाळ लागतो. दुसऱ्यानं गॅस पेटवायचा लायटर आणला, त्याच्या नुसत्याच ठिणग्या पडल्या. तिसऱ्यानं सिगारेट कोण ओढतं असं विचारलं, तर सगळे एकदम निर्व्यसनी झाले. शेवटी मागच्या अंगणात जेवण करणाऱ्या आचाऱ्याकडून काडेपेटी आली आणि मंडपवाल्याच्या पंख्यानं चार काड्या विझल्यावर पाचवीनं समई लागली. टाळ्या झाल्या. उजेडात समईची ज्योत कुणाला दिसली नाही.

मी दाराशी उभी राहून पत्रकं वाटायला सुरुवात केली, आणि जे झालं ते माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. लोकांनी पत्रकं घेतली. नुसती घेतली नाहीत, मागून घेतली. रांग लागली. एकानं दोन मागितली, एक मंडळींच्या नावानं. एका बाईंनी गर्दीतून हात घालून विचारलं, पोरांना पण मिळतं का. मी म्हटलं, पोरांनाच तर पहिलं मिळायला हवं. एक धोतरवाले काका पेन मागत होते. मला वाटलं, सही करायची असेल. मी पेन दिलं. ते पेन पुढं हातोहात फिरत राहिलं आणि मी मनात म्हणत होते, पेटलं, मराठवाडा पेटला.

त्या काकांनी कागद पुढून मागून नीट पाहिला आणि विचारलं, “ताई, याच्यावर नंबर कुठं हाय?”

“काका,” मी म्हणाले, “आपण नंबर नाही आहोत. आपण माणसं आहोत.”

त्यांनी मान डोलावली, कोऱ्या बाजूवर स्वतःचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर लिहिला आणि आत गेले.

गठ्ठा संपला. विजयाच्या भरात मी आत शिरले, शत्रू कसा दिसतो ते बघायला. पहिल्या स्टॉलवर माणसाची हालचाल ओळखून लागणारे दिवे होते. हललात की दिवा लागतो, थांबलात की विझतो. तिथला विक्रेता खुर्चीत बसून सकाळपासून डावा हात हलवत होता, कारण हात थांबला की त्याचा अख्खा स्टॉल काळोखात जायचा. चहा प्यायलाही त्यानं हात बदलला, थांबवला नाही. मी थांबून वाचायला लागले तर वरचा दिवा विझला. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “हलत राहा मॅडम. उभा माणूस याला दिसत न्हाई.”

पुढच्याच वळणावर कनेक्टरचा स्टॉल होता. टेबलावर नारिंगी दांड्यांचा ढीग, मागं लाकडी फळीवर बल्ब, होल्डर, वायरी. आणि टेबलाशी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डोक्यावर नारिंगी टोपी चढवून, अप्पा बसले होते.

मी घरून निघताना ते मला फोनवर म्हणाले होते, गुडघा दुखतोय, निवांत पडून राहिलोय. मी म्हणाले, आराम करा. मी कुठं चाललेय हे मीही सांगितलं नव्हतं. आता आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आणि दोघांनाही आधी दुसऱ्यानं बोलावं असं वाटत होतं.

“तू कामून आलीस?” शेवटी अप्पांनी विचारलं.

मी सांगायला लागले, की हे लोक कारागिराचा हात... अप्पांनी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि त्याचं टोक स्वतःच्या तर्जनीवर टेकवून दाबलं. कातडी खोल गेली. पांढरी झाली. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“लागत न्हाई,” ते म्हणाले. “हे बोट, हे, अन् हा अंगठा. उजवा सगळाच.”

मग हळू आवाजात त्यांनी बाकीचं सांगितलं. तीस वर्षं चालू लाईनीवर खाल्लेले लहान-लहान झटके. प्रत्येक झटक्याला हसायचं, हात झटकायचा, पुढचा पीळ घालायचा. बोटांचं टोक कधी मेलं ते कळलंच नाही. उन्हाळ्यात एका गिरणीत त्यांनी जोड मारला आणि तारेतला एक पदर पिळातून निसटून राहिला, तो बोटाला लागला नाही. चार दिवसांनी तिथला टेप जळाला. गिरणीवाल्यानं नव्या वायरीला दोष दिला. अप्पांना खरं माहीत होतं. तेव्हापासून ते गुडघ्याचं निमित्त सांगून कामं परतवत होते. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

हे कनेक्टरवाले दुकानदार त्यांच्या जुन्या ओळखीचे, अप्पा वर्षानुवर्षं त्यांच्याकडून माल न्यायचे. त्यांनी विचारलं होतं: आजचं प्रात्यक्षिक जमलं, तर तालुक्या-तालुक्याला जाऊन वायरमन लोकांना हा कनेक्टर शिकवायचं काम तुमचं. पारदर्शक तुकडा, तार आत कुठवर गेली ते डोळ्यानं दिसतं. बोटाला कळायची गरज नाही.

“हे जमलं तर माझं काम माझ्यापाशी राहतंय, माय,” अप्पा म्हणाले. “न्हाई जमलं तर पक्कड देव्हाऱ्यात.”

खंडेनवमीला आम्ही पक्कड, टेस्टर, हातोडी देव्हाऱ्यासमोर मांडून हळदकुंकू वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी उचलून कामाला नेतो. कायमची देव्हाऱ्यात ठेवलेली पक्कड मी शेजारच्या गावात एका घरी पाहिली होती. तिचा मालक अंगणात नुसता बसून असायचा.

मी काही बोलणार तेवढ्यात दुकानदार आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात मोबाईल, चेहऱ्यावर लगीनघरातल्या यजमानाची धांदल. त्यांनी मला पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, ताई, तुमची लई मेहरबानी झाली. कूपनं साडेअकरालाच संपली होती, लोक चिडायला लागले होते, तुम्ही दारात जादा कूपनं वाटली म्हणून लाज राहिली. चहा घेतला का?

मी स्टेजकडे पाहिलं. तिथं काचेची पेटी होती, काठोकाठ पिवळ्या कागदांनी भरलेली. एक बाई अजूनही घडी घातलेलं माझं पत्रक फटीतून आत दाबत होत्या.

आणि मला शेवटची ठळक ओळ आठवली. टेबलाशी बसेल, तो आपला नाही.

मी प्रदर्शन समितीच्या माणसाकडे धावले आणि म्हणाले, पेटी उघडा, आतले कागद कूपनं नाहीत. ते म्हणाले, पेटी पाहुण्यांच्या हस्तेच उघडणार, सील केलेली आहे. सील म्हणजे वायरमनचा काळा टेप, चार वेढे. मी म्हणाले, त्यात माझा विचार आहे. ते म्हणाले, सगळ्यांचाच आहे ताई, पहिलं बक्षीस झुंबर आहे.

साहेबांनी पेटीत हात घातला, ढवळला, एक कागद काढला. छापील बाजू वर आली. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातात माईक आणि छापील कागद एकदम आलेला नसावा. ते वाचायला लागले. “हात विकायचे नाहीत,” असं म्हणून त्यांनी थांबून सभागृहाकडे पाहिलं, चष्मा सावरला, आणि मग थांबलेच नाहीत. पहिला परिच्छेद त्यांनी सरकारी आवाजात वाचला, दुसऱ्यात त्यांना स्वतःला चढत गेलं, नफेखोरांच्या प्लास्टिकपाशी त्यांनी मूठ आपटली. माझा मजकूर इतका चांगला कुणी कधी वाचला नव्हता. मी खांबाआड उभी राहून माईक बंद पडावा म्हणून तळमळत होते. “जो कारागीर त्यांच्या टेबलाशी बसेल,” साहेब गरजले, “तो आपला नाही.” सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. झुंबरवाल्यानंही वाजवल्या. हालचालीच्या दिव्याच्या विक्रेत्यानं तेवढ्यापुरते दोन्ही हात वापरले.

दुकानदार माझ्या कानाशी म्हणाले, “जोरदार लिहिलंय. फक्त आमच्या दुकानाचं नाव राहिलं वाटतं.”

मागची बाजू उलटून साहेबांनी नाव वाचलं. झुंबर लागलं होतं त्या धोतरवाल्या काकांना, ज्यांना मी नंबर दिला नव्हता. रेणापूरजवळच्या एका गावचे निघाले. स्टेजवर जाऊन ते झुंबर दोन्ही हातांत नवं वासरू धरावं तसं धरून उभे राहिले.

मी अप्पांकडे गेले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली होती. मला वाटलं, ते उठून जातील. मला म्हणायचं होतं, मला माहीत नव्हतं तुम्ही इथं असाल. पण मग टेबलाशी दुसरं कोणी असतं तर चाललं असतं का?

“ते शेवटचं वाक्य कुणाचं हाय, ठाव हाय का तुला?” त्यांनी विचारलं.

“माझं.”

“माझं हाय. तू दुसरीत असताना लिहिलं होतं मी. ठेकेदाराच्या टेबलाबद्दल.” मग म्हणाले, “वाक्य बरोबर हाय. आज माझ्यावर आलं एवढंच.” आणि टोपी परत घातली, कारण माईकवरून त्यांचंच प्रात्यक्षिक पुकारलं जात होतं.

लोक स्टॉलभोवती जमले, त्यात अहमदपूरकडून आलेले दहा-बारा वायरमनही होते, पक्कड मागच्या खिशात घालून, गालात हसत. दुकानदारांनी फळीला प्लग लावू दिला नव्हता. लोक म्हणतील आत बॅटरी लपवली आहे. फळी सरळ हॉलच्या लाईनीवर घेतली होती आणि मंडपवाल्यानं अख्खा हॉल एकाच लाईनीवर जोडला होता. आता ही जिवंत तार तोडायची, कनेक्टरनं जोडायची, बल्ब लावून दाखवायचा. दुकानदार माईकवर म्हणाले, हा सुरक्षित कनेक्टर आमचे अनुभवी मिस्त्री चालू लाईनीवर जोडून दाखवणार आहेत.

त्या वाक्यात काही चुकतंय असं तिथं कुणालाच वाटलं नाही. मलाही लगेच वाटलं नाही. अप्पांना येतंच की चालू लाईनीवर.

अप्पांनी तार हातात घेतली आणि खाली ठेवली. “मेन बंद करा,” ते म्हणाले.

दुकानदारांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. अप्पांनी पुन्हा सांगितलं. मग वाटाघाटी सुरू झाल्या. झुंबरवाला म्हणाला, उद्घाटनाच्या दिवशी अंधार करणं शुभ नाही. हालचालीच्या दिव्यावाला म्हणाला, बंद केलं तर सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल दिव्यांना. माईकवाल्याची अडचण सगळ्यात मोठी होती: लाईट जाणार आहे हे लोकांना सांगायला माईक पाहिजे, आणि माईक लाईटवर. अहमदपूरचा एक वायरमन मागून बोलला, “काय मामा, भेव वाटून राहिलं का?” लोक हसले.

दुकानदार अप्पांच्या अगदी जवळ आले. विनवणीच्या सुरात म्हणाले, “दोनच मिनिटांचं काम हाय ओ. तुम्ही तर आयुष्यभर केलंय.”

अप्पांनी दोन्ही पंजे उघडून त्यांच्यासमोर धरले. मी इतकी वर्षं ते हात पाहिले होते, वाचले नव्हते. बोटांच्या टोकांना काचेसारखी चकाकी होती, रेषा पुसल्या होत्या. “दोनच मिनिटं,” अप्पा म्हणाले, “घरोघर दोनच मिनिटं. त्याचं हे झालं. ह्या बोटांना आता तुमचा हात धरला तरी कळत न्हाई, मालक.”

माईक चालू होता. हे सगळ्या हॉलनं ऐकलं. अहमदपूरकर हसायचे थांबले. एकानं नकळत स्वतःचा अंगठा तर्जनीवर घासून पाहिला.

तरी मेनकडे कुणी गेलं नाही. आपल्याकडे ऐकणं वेगळं आणि उठणं वेगळं.

अप्पांनी गर्दीत मला शोधलं. “माय,” ते म्हणाले, “मेन पाड.”

मी गेले. स्टेजमागे भिंतीवर मोठी पेटी होती, तिचं हँडल दोन्ही हातांनी ओढावं लागलं. खटका पडला आणि लातुरातला सगळ्यात उजेडी हॉल विहिरीसारखा काळा झाला. पोरं किंचाळली, मोबाईल निघाले, कुणीतरी मघाची काडेपेटी शोधायला लागलं. त्या गोंधळातून अप्पांचा नेहमीचा, घरातला आवाज आला, “पडदे वढा की.”

कुणीतरी काळं कापड ओढलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. बाहेर भर दुपार होती. ऊन धपकन आत आलं, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे ओशाळून बघू लागलो, कारण सगळं दिसत होतं. पत्रावळ्या, धूळ, झुंबरांवरचे बोटांचे ठसे, साहेबांच्या शर्टावरचा चहा. हालचालीच्या दिव्याच्या विक्रेत्यानं हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

अप्पांनी आधी टेस्टर लावून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना टेस्टर वापरताना पाहिलं. मग तार तोडली, सोलली, कनेक्टरवरच्या खुणेशी लांबी ताडून पाहिली, आत सारली. तुकडा खिडकीकडे धरून एक डोळा मिटून बघितलं, टोक शेवटपर्यंत पोचलंय का. दांडी खाली. टक. दुसरी. टक. तिसरी तार तिरपी गेली, मेलेल्या बोटातून दोनदा निसटली. मी मेनशी उभी होते, हात हँडलवर, आणि माझ्या जन्मात मी कुठल्याही प्लास्टिकच्या तुकड्याला एवढं मनापासून, घे बाबा, असं म्हटलेलं नाही. तिसऱ्यांदा ती गेली. टक. त्यांनी प्रत्येक तार ओढून पाहिली आणि म्हणाले, “लाव.”

मी हँडल वर केलं. उन्हात बल्ब लागला की नाही हेच कुणाला कळेना. अहमदपूरचे वायरमन पुढं झाले, बल्बभोवती हातांची ओंजळ करून आत डोकावले. “लागलाय,” एकानं जाहीर केलं. मग बाकीचेही आळीपाळीनं डोकावले, देवळात गाभाऱ्यात वाकावं तसे.

नंतर ते अप्पांना घेरून बसले. कनेक्टरबद्दल कुणीच फारसं विचारलं नाही. विचारलं ते हेच, की मेन बंद केला तर गिऱ्हाईक ओरडत न्हाई का. अप्पा म्हणाले, ओरडतंय. ओरडू द्यायचं.

दुकानदारांचं शेजारच्या स्टॉलवाल्यांनी बरंच डोकं खाल्लं, पण जाताना ते अप्पांना म्हणाले, सोमवारी अहमदपूरला जायचंय, तयार राहा. आणि माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, पोरीला आणू नका. अप्पांनी अट घातली, प्रत्येक प्रात्यक्षिक मेन बंद करून. दुकानदार हुं म्हणाले. ते हुं अजून टिकून आहे.

नांदेडला परतताना बसमध्ये मी घरातली सगळी पत्रकं मनात उलगडून पाहिली. आठ मागण्या. भत्ता, ओळखपत्र, विमा, काय काय. मेन बंद करा ही मागणी एकातही नव्हती. अप्पांनी लिहिलेल्यांत नाही, मी लिहिलेल्यांत नाही. चालू लाईनीवर काम करणं हा आमचा मान होता, आणि मानाविरुद्ध कोण पत्रक काढतं? मी एका प्लास्टिकच्या तुकड्यावर तुटून पडले होते, आणि बोटं त्याच्या कितीतरी आधी गेली होती, आमच्याच टाळ्यांमध्ये.

त्या माहितीपत्रकाची दुसरी खेप छापायला आली तेव्हा मी दुकानदारांना फोन केला आणि म्हणाले, ‘अनुभव नको’ काढून तिथं ‘आधी मेन बंद करा’ टाकू का? त्यांनी विचारलं, फोटो तेवढाच मोठा राहील ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग टाका. मागची बाजू मी कोरी ठेवायला लावली.

राहिलं झुंबर. धोतरवाल्या काकांचं घर पत्र्याचं, झुंबराचं वजन पेलेल अशी तुळई एकच, गोठ्यात. त्यांनी ते बसवायला अप्पांनाच बोलावलं, आणि रविवार होता म्हणून मीही गेले. म्हैस रवंथ करत वर बघत होती. अप्पा शिडीवर चढले आणि काही बोलायच्या आत काका आपणहून मीटरच्या पेटीकडे गेले. मेन पाडला. एवढंच करून थांबले नाहीत. पेटीवर हात ठेवून, बैलाचा कासरा धरावा तसे, तिथंच उभे राहिले. घरातून सुनेनं विचारलं, टीव्ही का गेला. काकांनी पेटीवरचा हात काढला नाही. अर्ध्या तासात फक्त एकदा त्यांनी विचारलं, “लावू का?” अप्पा वरून म्हणाले, “नगं अजून.” काका उभेच.

मग “लावा” झालं, आणि म्हशीच्या डोक्यावर शंभर काचा एकदम पेटल्या. म्हशीनं एकदा कान हलवला.

तुम्हाला मी झुंबर मागत नाही, सही मागत नाही, मोर्चाला बोलवत नाही. पुढच्या वेळी तुमच्या घरी वायरमन येईल, तेव्हा तो म्हणायच्या आधी उठा. मेन तुमच्या हातानं बंद करा. तो ‘चालू असू द्या, दोनच मिनिटं’ असं म्हणाला तरी ऐकू नका. आणि तो “लावा” म्हणेपर्यंत, पेटीवर हात ठेवून, तिथंच उभे राहा.